दिवाळीचा किल्ला पावसात टिकवायचा तर: माती, गोणपाट, चुना की सिमेंट?

बारामावळी

नमस्कार मंडळी,

नवरात्र बसलं की आमच्या सोसायटीतली पोरं दारात येऊन उभी राहतात, "काका, यंदा कुठला गड?" यंदा उत्तर तीच घेऊन आली आहेत. राजगड. गेल्या वर्षी जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, अकरा आपल्याकडचे आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून पोरांच्या तोंडी तीच नावं आहेत, आणि त्या बारांतला राजगड बहुतेकांनी पायांनी पाहिलेला आहे.

जागा पार्किंगच्या मागची, साधारण आठ फूट बाय सहा. वर छप्पर नाही. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं आणि त्याच सुमारास संध्याकाळी आलेल्या एका सरीने किल्ल्याचा पुढचा उतार धुऊन नेला. २०१९ ची दिवाळी आठवत असेल, २७ ऑक्टोबर. अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ घोंघावत होतं. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे पावसाची धास्ती जरा कमी. पण २०२८ ला ती १७ ऑक्टोबरला येणार आहे. मुंबईतून मान्सून परतायची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीखच ८ ऑक्टोबर. म्हणजे आपल्या किल्ल्यांना परतीचा पाऊस अधूनमधून गाठणारच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. किल्ला मातीचाच हवा. मुलांचे हात चिखलात कोपरापर्यंत जायला हवेत, आणि तुळशीच्या लग्नानंतर ती माती परत कुंड्यांत, बागेत जायला हवी. पण मातीचा म्हणजे पहिल्या सरीला बसणारा, असंही मला मान्य नाही. खरे गड साडेतीनशे पावसाळे खाऊन उभे आहेत.

तर प्रश्न असे:
- माती कोणती आणि तिच्यात काय मिसळावं?
- राजगडाच्या संजीवनी माचीची (माची म्हणजे बालेकिल्ल्याखाली पसरलेला गडाचा तटबंदीचा भाग) दुहेरी तटबंदी करायची आहे. इतकी बारीक, लांब भिंत मातीत टिकेल का?
- पावसात न ओघळणारा रंग कुठला?
- मावळे खालून ओल धरून फुगतात, त्यावर उपाय?

अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा.

आजोळ_वाई

छान धागा. वाचतोय. आमच्याकडे लाल माती, विटांचे तुकडे आणि पोतं, एवढंच साहित्य असायचं.

कृष्णाकाठ

मातीपासूनच सुरुवात करू, कारण बाकी सगळं नंतरचं आहे.

आमच्याकडे रानात काळी माती. हाताला लोण्यासारखी लागते, आकार सुंदर घेते, म्हणून लोक तिच्या मोहात पडतात. पण काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्याच भेगा तुमच्या बालेकिल्ल्याला पडणार, आणि पाऊस त्या भेगेतूनच आत शिरणार. नुसती काळी माती किल्ल्याच्या बाहेरच्या थराला अजिबात वापरू नका.

तुमच्याकडची माती कशी आहे ते बघायला दोन साध्या परीक्षा आहेत. पहिली: काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, त्यावर गाळ आणि सगळ्यात वर चिकणमाती, तिला दिवसभर लागतो. थर डोळ्यांना वेगवेगळे दिसतात. दुसरी परीक्षा हाताची: ओल्या मातीची बोटाएवढी जाड वळी करा आणि तळहातावरून हळूहळू पुढे सरकवत हवेत लोंबू द्या. पाच सेंटिमीटरच्या आत तुटली तर वाळू जास्त आहे. पंधराच्या पुढे गेली तरी तुटेना, तर चिकण जास्त, भेगा पडणार. मधे कुठेतरी तुटली तर माती कामाची.

चिकण जास्त असेल तर नदीची वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम घाला. वाळू जास्त असेल तर थोडा पोयटा. आणि दोन्ही बाबतीत गवत, भाताचं तूस किंवा गव्हाचा भुसा हवाच. काडी बारीक तोडून घाला, दोन बोटांहून लांब नको. भेग पडायला लागली की ती काडी तिला धरून ठेवते. त्यात ताजं शेण घालून माती दोन-तीन दिवस ओल्या पोत्याखाली मुरू द्या, रोज एकदा पायाने तुडवा. पोरांना हे काम सांगावं लागत नाही.

साइटवर_आहे

वीस-एक वर्षं बांधकामावर काम करतोय, म्हणून थोडं पाण्याच्या बाजूने लिहितो.

सगळे जण "वॉटरप्रूफ काय लावू" हेच विचारतात. मी आधी विचारेन, पाणी जाणार कुठे? वरून पडणाऱ्या सरीपेक्षा खाली साचलेलं पाणी किल्ला जास्त पाडतं. पार्किंगमागच्या जागेला उतार असेल, तर वरच्या बाजूचं सगळं पाणी किल्ल्याच्या बुडाशी येऊन थांबतं. माती ते तळातून वर ओढते, बूड मऊ पडतं आणि वरचा चांगला भाग आपल्याच वजनाने बसतो.

म्हणून पहिलं काम: विटांचा किंवा दगडांचा एक थर जमिनीवर कोरडा मांडा. विटांपेक्षा काळा दगड बरा, वीट पाणी ओढते. त्यावर जुनं मेणकापड किंवा जाड प्लास्टिक, आणि त्यावर किल्ला. मागच्या बाजूने बोटभर खोल चर काढून पाणी बाजूला वळवा. एवढं केलंत तरी निम्मं काम झालं.

दुसरं, आतला भराव सगळा मातीचा करू नका. आत विटा, दगड, मोडक्या कुंड्या रचा, त्यावर ओलं गोणपाट टाका, आणि गोणपाटावर तीन-चार सेंटिमीटरचा मातीचा थर. पूर्वीची पद्धत हीच होती आणि ती शास्त्रशुद्ध आहे. पातळ थर सारखा वाळतो, गोणपाट त्याला पकडून ठेवतं. मोठा मातीचा ढिगारा बाहेरून वाळतो, आतून ओला राहतो, आणि फुटतो.

आता संजीवनी माची. तिथली खरी गोष्ट लक्षात घ्या. दोन तटांच्या मधे पोकळी आहे. मॉडेलमध्ये ती पोकळी म्हणजे पावसाचं पाणी साठवणारी पन्हळ होते. दोन्ही भिंती दोन्ही बाजूंनी भिजतात आणि एकदम आडव्या पडतात. पोकळीच्या तळाला एका टोकाकडे उतार द्या आणि त्या टोकाला भिंतीच्या बुडातून एक नळी काढा. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो, तो कापून घातला की बाहेरून दिसतही नाही. भिंती उभ्या सरळ नको, खाली रुंद, वर निमुळत्या. आणि माथ्याला सपाट न ठेवता बाहेरच्या बाजूला थोडा कल द्या, म्हणजे पाणी माथ्यावर बसणार नाही.

सुवेळा माचीचं नेढं (कातळातलं आरपार भोक) करणार असाल, तर ते मातीत नुसतं बोटाने कोरू नका. वरचा भाग ओला झाला की कमान खचते. अर्धी करवंटी उपडी बसवा, तिच्यावरून माती घ्या.

बारामावळी

@साइटवर_आहे, पपईच्या देठाचं सुचवलंत, फार आवडलं. आमच्या मागच्याच बंगल्यात झाड आहे. बाहेरच्या थरात सिमेंट किंवा चुना मिसळण्याबद्दल तुमचं मत काय?

साइटवर_आहे

मुरमाड, वाळूसर माती असेल तर सिमेंट चालतं. चिकण मातीला चुना. उलटं करू नका. काळ्या मातीत सिमेंट घातलं तर ते गोळ्यांमध्ये अडकून बसतं, सगळीकडे पोचत नाही. चुना मात्र चिकणमातीच्या कणांशी रासायनिक क्रिया करतो, तिचं फुगणं-आकसणं कमी करतो. काळ्या मातीच्या पट्ट्यात रस्त्याच्या भरावात चुना मिसळतात तो याचसाठी.

प्रमाण: मातीच्या पाच ते दहा टक्के. माती कोरडी असतानाच मिसळा, मग पाणी. सिमेंटचं मिश्रण तासाभरात वापरून टाका, आणि नंतर आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. लोक नेमकं इथे चुकतात. उन्हात वाळवलं की "पक्कं झालं" असं वाटतं, पण सिमेंट वाळून पक्कं होत नाही, पाणी मिळालं तरच होतं.

सिमेंट आणि चुना दोन्ही त्वचेला जाळतात. मुलांच्या हातात रबरी मोजे हवेतच. मोजे नसतील तर तो थर मोठ्यांनी करावा. चुन्याची कळी घरी विरवायच्या फंदात पडू नका, पाणी टाकताच उकळते आणि उडते. पोत्यात तयार विरवलेला चुना मिळतो, तो आणा.

गेरूपिवडी

रंगांबद्दल मी लिहिते. माझं कामच भिंती रंगवण्याचं आहे.

पोस्टर कलर विसरा. तो पाण्यात विरघळतो म्हणूनच मुलांना देतात. रांगोळीचे रंग वरून भुरभुरले तर पहिल्या दवाला डाग पडतात. सरीची गरजही नाही, नोव्हेंबरचं पहाटेचं दव पुरेसं आहे.

मातीच्या किल्ल्याला मातीचेच रंग. गेरू, पिवडी, कोळशाची पूड, चुना. हे खनिज रंग उन्हाने उडत नाहीत आणि चुन्याच्या तीव्रतेनेही बदलत नाहीत. पातळ चुन्यात गेरू कालवून ओलसर थरावर मारला, तर चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड ओढून हळूहळू दगडासारखा होतो आणि रंग त्यातच धरला जातो. थर पूर्ण कोरडा झाल्यावर मारला तर तो नुसता वर बसतो आणि हाताला लागतो. म्हणून भिंत अजून थंड लागते आहे, पण बोटाचा ठसा उठत नाही, त्या वेळेला रंग घ्या. ती वेळ सकाळी मिळते.

कड्यांचा रंग करताना एकच करडा मारू नका. सह्याद्रीचा कातळ पावसानंतर काळा दिसतो, त्यावर शेवाळाचे हिरवट-तपकिरी ओघळ असतात. कोळशाची पूड पातळ करून वरून ओघळू द्या, मग पिळून काढलेल्या फडक्याने उंचवटे पुसा. खाचांत काळं राहतं आणि उंचवटे उजळतात. हे करताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात, कारण मातीचा ढीग त्या क्षणी डोंगर होतो.

सिमेंटचा थर असेल तर बाहेरच्या भिंतीचा इमल्शन घ्या. ऑइल पेंट नको. खालची ओल बाहेर पडू शकत नाही आणि पापुद्रे निघतात. मातीवर तर ऑइल पेंट किंवा वॉर्निश कधीच नको, आख्खा तुकडा रंगासकट सुटून येतो.

राजमाची_पॉइंट

जवसाच्या तेलाबद्दल कुणी लिहिलं नाही. मातीच्या जमिनीला आणि गिलाव्याला जवसाचं तेल पाजतात, थर कडक होतो आणि पाणी वरून घरंगळतं. किल्ल्याला चालेल ना?

साइटवर_आहे

चालतं, पण दिवाळीच्या वेळापत्रकात बसत नाही. माती पूर्ण कोरडी लागते, तेल मुरायला आणि घट्ट व्हायला कित्येक दिवस जातात, तोवर वास असतो आणि धूळ चिकटते. फक्त तटाच्या माथ्याला आणि बुरुजांच्या टोप्यांना लावायचं असेल तर करा, पाण्याचा मार तिथेच जास्त बसतो.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेशी क्रिया करताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. दिवाळीत आजूबाजूला फटाके असतात, त्यात ही भर नको.

गच्चीवाले

सगळ्यांचं मातीप्रेम समजतं, पण माझी बाजूही ऐका. डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो. आम्हाला अंगण नाही, गच्ची आहे. ओली माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते. चार बाय चारचा, सरासरी फूटभर उंचीचा किल्ला म्हणजे पाऊण टनाच्या वर वजन, तेही गच्चीच्या एका कोपऱ्यात. शिवाय ओल झिरपून खालच्या घराचं छत गळायला लागलं तर सोसायटीत तोंड दाखवायला जागा नाही.

म्हणून आम्ही पोकळ किल्ला केला. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, बाइंडिंग वायरने बांधलेला. त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, हाताने दाबून कडे-कपारी काढलेल्या. मग गोणपाटाच्या पट्ट्या. गोणपाट आधी धुऊन पिळून घ्यायचं, नाहीतर त्यातली धूळ सिमेंटला धरू देत नाही. सिमेंट आणि चाळलेली बारीक वाळू समप्रमाणात, त्यात एसबीआर लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं दुधासारखं द्रावण) आणि पाणी, दोशाच्या पिठाइतकं पातळ. पट्टी बुडवायची, निथळू द्यायची, जाळीवर टाकायची, ब्रशने दाबायची. दुसऱ्या दिवशी त्यावर एक भाग सिमेंट, तीन भाग वाळूचा पातळ हात. आठवडाभर पाणी मारायचं, मग आठवडाभर सुकू द्यायचं, मग रंग.

तो तीन तुकड्यांत आहे, दोन माणसं एक तुकडा सहज उचलतात. पावसाळ्यात जिन्याखाली राहतो. दर दिवाळीला मुलं त्यावर नवे पाडे, नव्या पायवाटा, नवं सैन्य मांडतात. कितीही पाऊस येऊ दे, दिवे विझतात, किल्ला नाही. तळाला पाणी जायला भोकं ठेवायला मात्र विसरू नका, नाहीतर खालच्या काठाशी तळं साचतं आणि डासांची सोय होते.

बारामावळी

@गच्चीवाले, वजनाचा मुद्दा शंभर टक्के पटला. गच्चीवर मातीचा किल्ला मीही करणार नाही, कुणी करू नये.

पण अंगण असताना सिमेंटचा कायमचा किल्ला मला का नको, ते सांगतो. दर वर्षी नवा गड करायचा म्हणजे दर वर्षी नवा गड शिकायचा. राजगडाला तीन माच्या का, प्रतापगडाला माचीचा बुरूज टोकाला का, खांदेरीला दगड असे का रचलेत, हे प्रश्न मुलांना पुस्तकात पडत नाहीत, चिखलात पडतात. कायमचा किल्ला झाला की दुसऱ्या वर्षापासून ती सजावट होते. आणि एक दिवस तो फुटला की तो राडारोडा, कुणाच्याही बागेत जात नाही. मातीत पाच टक्के सिमेंट घालतानाही माझा हात आखडतो, कारण ती माती नंतर झाडांना लगेच मानवत नाही.

गच्चीवाले

मान्य. पण आमच्या पोरांनी दर वर्षी गड बदलायची युक्ती काढली आहे. डोंगराचा सांगाडा तोच, वरचे तट, बुरूज, दरवाजे शाडूचे नवे करतात आणि दिवाळीनंतर भिजवून परत गोळा करून ठेवतात. एक वर्ष तोच डोंगर पन्हाळा झाला, एक वर्ष साल्हेर. साल्हेरला उंची कमी पडली हे खरं. शाडू पावसात विरघळतो, म्हणून सर आली की फक्त वरचा भाग ताडपत्रीने झाकायचा.

बारामावळी

हे उत्तम आहे. डोंगर कायमचा आणि गड दर वर्षी नवा, हे गच्चीवाल्या सगळ्यांनी करण्यासारखं आहे. वरच्या माझ्या प्रतिसादातलं "सजावट होते" तुमच्या बाबतीत मागे घेतो.

नवीन_सभासद_२२

थर्माकोल का नको? हलकं, पाणी पीत नाही, कापायला सोपं.

गेरूपिवडी

एक, राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे. दोन, त्यावर स्प्रे पेंट मारला की त्यातलं द्रावण थर्माकोल खाऊन टाकतं, खड्डे पडतात. तीन, कापताना उडणारे दाणे गोळा करता येत नाहीत, पहिल्या पावसाबरोबर नाल्यात जातात.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे किल्ल्यांऐवजी नरकासुर. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री उभा करायचा आणि पहाटे जाळायचा. त्यामुळे आमचा प्रश्न तुमच्या बरोब्बर उलट: रात्रभर पावसात टिकला पाहिजे, आणि पहाटे नीट पेटला पाहिजे, तेही विषारी धूर न सोडता.

अंग बांबूचं आणि आत सुकं गवत. मुखवटा कागदाचा. मातीच्या साच्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने एकावर एक चिकटवायचे, दर दोन-तीन थरांनी उन्हात वाळवायचं. घाई करून सगळे थर एकदम दिले की आतून बुरशी येते आणि मुखवटा लिबलिबीत राहतो. खळीत थोडा मोरचूद घातला की कीड-बुरशी लागत नाही, पण तो विषारी आहे, मुलांपासून लांब ठेवा, आणि जाळायच्या वस्तूत तर मी स्वतः घालत नाही. शेवटचा थर ब्राऊन पेपरचा, तो वर्तमानपत्रापेक्षा चिवट.

पावसासाठी मुखवट्यावर मेण पातळ करून लावतो. मेणबत्त्या वितळवून गरम असतानाच ब्रशने, पाठीमागूनही. सर आली तर पाणी थेंबाथेंबाने उतरतं, आणि पहाटे मेणच आगीला मदत करतं. मेण कधीही थेट गॅसवर वितळवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून. आणि मेण लावल्यावर रंग बसत नाही, म्हणून आधी रंग. अंगाच्या गवताला मात्र काहीच लावत नाही, वरून ताडपत्रीचा डगला घालतो आणि मिरवणुकीच्या वेळी काढतो.

अलीकडे काही ठिकाणी फोम, रेग्झिन, प्लास्टिकचे दागिने घालतात. दिसायला झोकदार असतात, पण पहाटे त्याचा धूर लहान मुलांच्या नाकात जातो. आमच्या वाड्यावर आम्ही हे बंद केलं आहे. नवीन मुलांना समजावून सांगितलं की ऐकतात.

थंडगार_मिशिगन

इथे अमेरिकेत दिवाळीला कधी पानगळ असते तर कधी बर्फ. आमचा शत्रू पाऊस नाही, गोठण. पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं. ओला मातीचा थर रात्री गोठला आणि सकाळी सुटला, असं चार-पाच वेळा झालं की पापुद्रे निघून खाली पडतात. इथे मातीचा किल्ला बाहेर करायचा तर जमिनीपासून उचललेल्या लाकडी फळीवर, छपराखाली, आणि कोरडा.

मंडळातल्या मुलांसाठी आम्ही घरांच्या भिंतींना उष्णतारोधक म्हणून लावतात तो गुलाबी किंवा निळा फोमचा जाड तक्ता वापरतो. पाणी पीत नाही, चाकूने कातळासारखा कापता येतो. उन्हाने त्याची पूड होते, म्हणून बाहेरचा पाण्यात कालवायचा अॅक्रिलिक रंग पूर्ण झाकून लावावा लागतो. तो दर वर्षी तोच वापरतो, टाकत नाही. पण खरं सांगायचं तर बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी एका ट्रेमध्ये खरी माती ठेवतो आणि त्यात आळीव पेरतो. इथे जन्मलेल्या मुलांना मातीचा वास तिथे मिळतो, आणि सगळी मुलं त्या ट्रेभोवतीच बसतात.

अंगणातली_तुळस

आळिवाचा विषय निघालाच आहे तर. पावसापासून उतार वाचवायला आळिवासारखं दुसरं काही नाही. बी भिजलं की भोवती बुळबुळीत आवरण येतं, ते उतारावरसुद्धा मातीला घट्ट चिकटतं. दोन-तीन दिवसांत कोंब, पाच-सहा दिवसांत हिरवळ. मुळं वरचा थर बांधून ठेवतात. मोहरीही चालते. गहू उंच वाढतो, त्याला आठवडा हवा, तो पायथ्याच्या शेतांना पेरा. नाचणी बारीक, लांबून गवतासारखी सुंदर दिसते.

वसुबारसेला हिरवळ हवी असेल तर पाच-सहा दिवस आधी पेरा. बी टाकल्यावर झारीने पाणी घालू नका, फवारा. चुना किंवा सिमेंट मिसळलेल्या थरावर आळीव उगवत नाही, हे आधीच ठरवा: कड्यांना पक्का थर, उतारांना साधी माती.

आणि ताडपत्री. ती किल्ल्यावर थेट टाकू नका. आतून वाफ धरते आणि काढताना माती सोबत घेऊन येते. दोन बाजूंना काठ्या रोवून मधे दोरी, त्यावर ताडपत्री, किल्ल्यापासून दोन फूट तरी वर. नवा किल्ला पहिले दोन दिवस सावलीत सावकाश वाळू द्या, मग ऊन दाखवा. ताडपत्रीखाली पणती नको. एकच पणती विसरली तर काय होईल ते सांगायला नको. पाऊस असेल त्या संध्याकाळी बॅटरीवरचे छोटे दिवे लावा, पाऊस नसेल तेव्हा खऱ्या पणत्या.

कृष्णाकाठ

मावळ्यांचं राहिलं. बाजारात बहुतेक प्लास्टरचे येतात. प्लास्टर पाण्यात थोडं विरघळतं आणि ओलं राहिलं की मऊ पडतं. त्यांना अंगावर रंग असतो पण बुडाला नसतो, ओल तिथूनच चढते. बुडाला रंगाचा किंवा वॉर्निशचा हात द्या, दोनदा. आणि मावळा मातीत खोचू नका, फरशीच्या किंवा कौलाच्या तुकड्यावर उभा करा. कुंभाराकडे भाजलेले मिळाले तर तेच घ्या, ते पाणी पितात पण विरघळत नाहीत. महाराजांची मूर्ती सिंहासनासह वेगळ्या पाटावर ठेवा, म्हणजे सर आली की आधी ती आदराने उचलून आत नेता येते.

बारामावळी

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा जपून ठेवतोय. एक शेवटचा प्रश्न: गोणपाट मिळतं कुठे? आमच्या किराणावाल्याकडे आता सगळी प्लास्टिकची पोती.

साइटवर_आहे

दोन ठिकाणी. सिमेंट-विटांच्या दुकानात कॉलमला गुंडाळून पाणी मारायला गोणपाट विकतात, मीटरवर मिळतं आणि नवं असतं. नाहीतर रेशन दुकानात विचारा. १९८७ च्या कायद्याने सरकारी धान्य तागाच्या पोत्यांत भरणं बंधनकारक केलं आहे, त्यामुळे तिथे रिकामी पोती असतातच. मार्केटयार्डात भुसार विभागातही मिळतील. जुनं पोतं घेतलंत तर उलटं करून झटका, शिवण उसवा आणि एक रात्र पाण्यात टाका. वासाला किडे-मुंग्या येतात, म्हणून साखरेचं किंवा गुळाचं पोतं घेऊ नका, गव्हा-तांदळाचं घ्या.